ड्युअल बूटमधे डी ड्राइव्हवर लिनक्समधून काही सेव्ह होत नाही, ठीक केलं तरी परत परत तेच: नक्की काय करायचं

लॅपटॉपवर विंडोज पण आहे, लिनक्स पण आहे, फोटो गाणी प्रोजेक्ट सगळं डी ड्राइव्हवर टाकलंय म्हणजे दोन्हीकडून वापरता येईल, आणि एक दिवस लिनक्समधे फाइल सेव्ह करायला जावं तर होतच नाही. फाइल उघडते, वाचता येते, पण बदल सेव्ह होत नाही आणि नवीन फोल्डर बनवायचा पर्याय राखाडी झालेला असतो. मग कोणीतरी सांगतं की ही कमांड मार, ती मारली की चालायला लागतं, आणि दोन-चार दिवसांनी विंडोजमधे जाऊन आलं की परत जैसे थे. हा प्रॉब्लेम खूप जणांना येतो आणि त्यावर इतके अर्धवट उपाय फिरत असतात, त्यातले काही तर खरंच डेटा घालवणारे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. "राइट होत नाही" हा एकच प्रॉब्लेम नाहीये. त्याच्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि तुमचं कुठलं ते एरर मेसेजच्या शब्दांवरून कळतं. "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" असं आलं तर लिनक्सने अख्खं पार्टिशनच (म्हणजे डिस्कचा तो भाग, तुमचा डी) लिहिण्यासाठी बंद ठेवलंय, तिथे रूट युजरला (सगळे अधिकार असलेला लिनक्सचा युजर) पण लिहिता येणार नाही. "परमिशन डिनाइड" आलं तर पार्टिशन उघडं आहे पण तुमच्या युजरला लिहायचा हक्क नाही. पहिल्या प्रकारात तुम्ही सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क देणारी कमांड) शंभर वेळा मारलंत तरी काही होणार नाही, आणि दुसऱ्या प्रकारात विंडोजच्या सेटिंग बदलून काही होणार नाही. बहुतेक लोक हे दोन एकत्र करतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायच्या, लिनक्सच्या कमांड सगळ्या स्मॉल लेटरमधे, फक्त शेवटी एफएसटॅबच्या ओळीतला यूयूआयडी हा शब्द कॅपिटलमधे. कमांडच्या आधी सुडो लावलं की ती रूटच्या अधिकाराने चालते.)

तर आधी तपासायचं कसं. फाइल मॅनेजर बऱ्याचदा गोल गोल मेसेज देतो म्हणून टर्मिनल उघडा आणि त्या पार्टिशनवर एक रिकामी फाइल बनवून बघा. समजा पार्टिशन /एमएनटी/डेटा इथे माउंट आहे (म्हणजे त्या फोल्डरमधे जोडलेलं आहे), तर

टच /एमएनटी/डेटा/टेस्ट.टीएक्सटी

यावर जे उत्तर येईल ते शब्दशः वाचा. मग

फाइंडएमएनटी /एमएनटी/डेटा

ही मारा (माउंटमधली फक्त एम एन टी ही अक्षरं, मधले स्वर नाहीत). यात ऑप्शनच्या रकान्यात सुरुवातीलाच आरडब्ल्यू किंवा आरओ दिसेल. आरओ म्हणजे रीड-ओन्ली, विषय संपला, पहिला प्रकार. आणि त्याच ओळीत फाइल सिस्टिमचा प्रकार पण बघून ठेवा, "फ्यूजबीएलके" लिहिलं असेल तर विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमसाठीचा एनटीएफएस-३जी हा जुना ड्रायव्हर चाललाय, "एनटीएफएस३" असेल तर कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) नवा. हे पुढे लागणार आहे. पार्टिशन कुठे माउंट झालंय हेच माहीत नसेल तर एलएसबीएलके -एफ मारा, सगळ्या पार्टिशनची यादी, त्यांची लेबलं, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आणि माउंटची जागा एकत्र दिसते. तिथे तुमच्या डी च्या समोर एनटीएफएसच्या ऐवजी बिटलॉकर (विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप) लिहिलेलं दिसलं तर तो वेगळा विषय, आधी पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की देऊन ते उघडावं लागेल. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी इन्स्टॉल केली की डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं, त्यामुळे नवीन लॅपटॉपवाल्यांनी हे बघायचंच.

आता पहिला प्रकार, रीड-ओन्ली. जिथे विंडोजमधे जाऊन आलं की परत प्रॉब्लेम येतो तिथे बहुतेक वेळा कारण एकच असतं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. हे २०१२ मधे विंडोज ८ बरोबर आलं आणि १० आणि ११ मधे पण आहे, बहुतेक मशीनवर आपोआप चालूच असतं. याच्यात काय होतं की तुम्ही शट डाउन करता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, तुमची लॉगिन बंद होते पण कर्नल आणि ड्रायव्हरची अवस्था हायबरफिल.सिस या फाइलमधे डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते, म्हणून लवकर चालू होतं. त्या अवस्थेत डी ड्राइव्हची माहिती पण असते, कुठली फाइल कुठे आहे, कुठे जागा रिकामी आहे, काय लिहायचं बाकी आहे. म्हणजे दुकानाचं शटर ओढलंय पण दुकानदार आत बसलाय आणि दिवसभराचा हिशोब त्याच्या डोक्यात आहे, वहीत उतरवलेला नाही. अशा वेळी मागच्या दाराने दुसऱ्याने येऊन त्याच वहीत लिहायला घेतलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

लिनक्सला हे कळतं. एनटीएफएस-३जी पार्टिशन उघडताना बघतो की जर्नल (काय लिहायचंय त्याची नोंदवही) नीट बंद केलेलं नाही, विंडोजच्या कॅशेमधे अजून मेटाडेटा (फाइलींच्या नोंदी) शिल्लक आहे, आणि मग तो मुद्दाम रीड-ओन्ली माउंट करतो. लॉगमधे तसं स्पष्ट लिहिलेलं पण असतं की पार्टिशन असुरक्षित अवस्थेत आहे, विंडोज पूर्ण शट डाउन करा, हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं) किंवा फास्ट रिस्टार्ट नको. म्हणजे लिनक्स इथे बिघडलेलं नसतं, तुमचा डेटा वाचवत असतं. हे लक्षात घेतलं की पुढचे चुकीचे उपाय आपोआप नको वाटतात.

इलाज विंडोजच्या बाजूला करायचा. कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समधे जा, डावीकडे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग वर "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर क्लिक करा (हे केल्याशिवाय खालचे पर्याय बदलता येत नाहीत आणि लोक इथेच अडकतात), आणि खाली "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" ची टिक काढून सेव्ह करा. नंतर एकदा शट डाउन करा आणि लिनक्समधे या. बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम इथेच संपतो.

याहून पक्का उपाय म्हणजे कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून

पॉवरसीएफजी /एच ऑफ

याने हायबरनेशनच बंद होतं, त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअप पण जातं आणि हायबरफिल.सिस ही फाइल उडून सी ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी होते, २५६ जीबीच्या एसएसडीवाल्यांना हा फायदा चांगलाच जाणवतो. फक्त तुम्ही विंडोजमधे हायबरनेट खरंच वापरत असाल तर हे करू नका, नुसती टिक काढा आणि हायबरनेट केलेलं असताना लिनक्समधे शिरू नका एवढं पाळा. एसएसडी असलेल्या मशीनवर फास्ट स्टार्टअप बंद केल्याने चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, माझ्या मते ड्युअल बूट ठेवणाऱ्याने हे सेकंद सोडून द्यावेत.

"बंद केलं होतं तरी परत आलं" असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी: विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही टिक परत लागलेली सापडते. म्हणून मोठ्या अपडेटनंतर एकदा जाऊन बघायची सवय ठेवा. आणि मशीन ऑफिसचं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचं असेल, सेटिंग बदलता येत नसेल, तर लिनक्समधे जायच्या आधी शट डाउनच्या ऐवजी रिस्टार्ट करा आणि बूट मेनूमधून लिनक्स निवडा. ऐकायला उलटं वाटेल, पण रिस्टार्टमधे विंडोज पूर्ण बंद होतं, शट डाउनमधे नाही. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं.

आता त्या दोन उपायांबद्दल जे सगळीकडे सांगितले जातात. एक म्हणजे माउंट करताना रिमूव्ह_हायबरफाइल हा ऑप्शन. त्याने ती झोपलेली अवस्था पुसून टाकली जाते, विंडोजमधे हायबरनेट करताना जे काम सेव्ह न करता उघडं ठेवलं होतं ते गेलं समजा. शिवाय ही फाइल असते सी ड्राइव्हवर, त्यामुळे डी साठी या ऑप्शनचा तसाही उपयोग नाही. दुसरा म्हणजे एनटीएफएसफिक्स:

सुडो एनटीएफएसफिक्स -डी /डेव्ह/एसडीए५

नाव ऐकून वाटतं की ही विंडोजच्या चेकडिस्कसारखी दुरुस्ती करेल, पण तसं नाहीये, तिच्या मॅन पेजवरच (कमांडच्या माहितीपत्रकात) लिहिलंय की ही लिनक्सची चेकडिस्क नव्हे. ती काही मूलभूत गोष्टी तपासते, जर्नल रिकामं करते, विंडोजला पुढच्या वेळी तपासणी करायला सांगून ठेवते, आणि -डी दिलं की "डर्टी" ही (पार्टिशन नीट बंद झालं नाही असं सांगणारी) खूण काढून टाकते. जर्नल रिकामं करते म्हणजे त्यात जे लिहायचं बाकी होतं ते सोडून देते. विंडोज झोपलेलं असताना ही मारली, डी वर लिनक्समधून फाइली टाकल्या, आणि मग विंडोज जागं झालं, तर त्याच्या डोक्यात जुनाच नकाशा असतो आणि तो त्याप्रमाणे लिहायला लागतो. मग तुम्ही टाकलेल्या फाइली गायब, कधी फोल्डर उघडतच नाही, कधी फाइल आहे पण आत कचरा. लोक म्हणतात लिनक्सने ड्राइव्ह करप्ट केला, खरं कारण हे असतं. विंडोज मशीनवर उरलेलंच नसेल, किंवा चालूच होत नसेल आणि फाइली दुसरीकडे काढून झाल्या असतील, तेव्हा ही कमांड ठीक आहे, रोजचा उपाय म्हणून नाही.

फास्ट स्टार्टअप बंद आहे तरी रीड-ओन्लीच येतंय तर मग डर्टीची खूण खरोखरच्या कारणाने लागलेली असते. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा कारण म्हणजे लाइट जाणे, डेस्कटॉप बिना यूपीएसचा आणि फाइल कॉपी चालू असताना लाइट गेली, किंवा बाहेरची हार्ड डिस्क तशीच ओढून काढली. इथे विंडोजमधे जाऊन अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून

चेकडिस्क डी: /एफ

मारा (कमांडचं स्पेलिंग सीएचकेडीएसके), ड्राइव्ह वापरात आहे म्हणाला तर वाय दाबून डिसमाउंट करू द्या, संपेपर्यंत थांबा आणि मग पूर्ण शट डाउन. एनटीएफएसची दुरुस्ती विंडोजनेच करावी, या बाबतीत अजून तरी दुसरा भरवशाचा पर्याय मला दिसत नाही.

नवा कर्नल ड्रायव्हर वापरणाऱ्यांना थोडं वेगळं दिसतं. पॅरागॉन कंपनीने दिलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर लिनक्स ५.१५ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, कर्नलमधे आहे आणि काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) आता तोच वापरतात. त्याला डर्टी पार्टिशन दिसलं तर तो रीड-ओन्लीवर उतरत नाही, माउंटच करत नाही, आणि मेसेज येतो "राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक" असला घाबरवणारा. घाबरू नका, आधी डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड, स्पेलिंग डी एम ई एस जी) सुडो लावून मारा आणि शेवटच्या ओळी बघा, तिथे "व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट" असं असेल तर हेच कारण. आणि त्यात सुचवलंय म्हणून फोर्स लावू नका, चेकडिस्क करा.

एक उलट बाजू पण आहे जी फारसं कोणी सांगत नाही. लिनक्स हायबरनेट करून विंडोजमधे गेलात आणि डी वर लिहिलंत तरी तोच धोका, फक्त दिशा बदलली. सामाईक पार्टिशन माउंट असताना लिनक्स हायबरनेट करायचं नाही, नीट बंद करायचं.

आता दुसरा प्रकार, परमिशन डिनाइड. फाइंडएमएनटी मधे आरडब्ल्यू आहे, सुडो लावून फाइल बनते, पण तुमच्या युजरने बनत नाही. इथे आधी हे समजून घ्या की लिनक्सचे मालक-ग्रुप-परमिशन हे एनटीएफएसवर सहसा खरे साठवलेले नसतात, माउंट करताना जे सांगाल ते सगळ्या फाइलींना सरसकट दाखवलं जातं. म्हणूनच सीएचमॉड आणि सीएचओन (मालक बदलणारी कमांड) एनटीएफएसवर मारून सहसा काही फरक पडत नाही, एरर पण येत नाही कधी कधी, आणि माणूस विचार करत बसतो. बदल माउंटच्या ऑप्शनमधेच करावा लागतो. एक्सफॅट आणि फॅट३२ या फाइल सिस्टिमना पण हेच लागू.

"इतकी वर्षं चालत होतं, लिनक्स अपग्रेड केलं आणि बंद पडलं" असं असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा ड्रायव्हर बदलणं असतं. एनटीएफएस-३जी ला यूआयडी (युजरचा आकडा) वगैरे काही सांगितलं नाही तर तो सगळ्यांना सगळे हक्क देतो, मालक रूट असला तरी. एनटीएफएस३ तसं करत नाही, एफएसटॅबमधून (बूट होताना काय कुठे माउंट करायचं ते लिहिलेली फाइल) माउंट झालं की मालक रूट आणि बाकीच्यांना फक्त वाचायचा हक्क. तुमची जुनी एफएसटॅबची ओळ नुसतं डिफॉल्ट्स लिहून वर्षानुवर्षं चालली असेल ती नव्या ड्रायव्हरवर अडकते. त्यात परत ओळीत नुसतं एनटीएफएस लिहिलं असेल तर एनटीएफएस-३जी चं पॅकेज मशीनवर आहे की नाही त्यावर कुठला ड्रायव्हर लागेल ते ठरतं. म्हणून ड्रायव्हरचं नाव आणि ऑप्शन दोन्ही स्पष्ट लिहायचे.

आधी आयडी ही कमांड मारून तुमचा यूआयडी आणि जीआयडी (ग्रुपचा आकडा) बघा, पहिला युजर असेल तर बहुतेक १०००. मग एलएसबीएलके -एफ मधून पार्टिशनचा यूयूआयडी घ्या, एसडीए५ सारखं नाव एफएसटॅबमधे लिहू नका, दुसरी डिस्क लावली की ही नावं बदलू शकतात. माउंटसाठी फोल्डर बनवा, सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डेटा, आणि /ईटीसी/एफएसटॅब ची आधी कॉपी काढून मग त्यात ही एक ओळ:

यूयूआयडी=तुमचा_यूयूआयडी /एमएनटी/डेटा एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

मास्कचं गणित उलटं असतं, ७७७ मधून जे काढून टाकायचं ते लिहायचं. डीमास्क ०२२ म्हणजे फोल्डरना ७५५, एफमास्क १३३ म्हणजे फाइलींना ६४४, म्हणजे तुम्ही लिहू शकता, बाकीचे वाचू शकतात आणि प्रत्येक फोटोवर एक्झिक्यूटची परमिशन दिसत नाही. नोफेल फार महत्त्वाचं आहे, ते नसेल आणि काही कारणाने पार्टिशन माउंट झालं नाही तर मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमधे जाऊन थांबतं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला काय करावं ते कळत नाही. ओळ लिहिल्यावर रीबूट करून बघू नका, आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय मारा, लिहिण्यात चूक असेल तर तिथेच सांगते, मग सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, पार्टिशन आधीच माउंट असेल तर अनमाउंट करा आणि सुडो माउंट -ए.

घरात एका मशीनवर दोघांची वेगळी अकाउंट असतील, भाऊ-बहीण किंवा नवरा-बायको, आणि दोघांनाही डी वर लिहायचं असेल तर एक कॉमन ग्रुप बनवा, दोघांना त्यात टाका, जीआयडी त्या ग्रुपचा द्या आणि डीमास्क ००२, एफमास्क ११३ करा. ग्रुपमधे टाकल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला विसरू नका, त्याशिवाय ग्रुप लागू होत नाही आणि वाटतं की उपाय चाललाच नाही.

याच्या उलट प्रॉब्लेम विंडोजमधे येतो, "अ‍ॅक्सेस डिनाइड" किंवा "यू नीड परमिशन". हा सहसा विंडोज परत इन्स्टॉल केल्यावर. एनटीएफएसवर विंडोज मालकी युजरच्या नावाने साठवत नाही, एसआयडी नावाच्या लांबलचक ओळख क्रमांकाने साठवतं, आणि नवीन विंडोजमधे तुम्ही तेच नाव तोच पासवर्ड दिलात तरी एसआयडी वेगळा असतो, त्यामुळे जुने फोल्डर परक्याचे वाटतात. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, ओनरच्या समोर चेंज, स्वतःचं नाव टाका आणि खालच्या फोल्डरना पण लागू करायची टिक लावा, मग परत आत जाऊन स्वतःला फुल कंट्रोल द्या. हे फक्त त्या त्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या डी वर नको, त्यात सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन सारखे फोल्डर असतात, आणि सी वर तर अजिबातच नको, विंडोज बंद पडेल. लिनक्स मात्र या विंडोजच्या परवानग्या साध्या माउंटमधे पाळतच नाही, सगळं उघडं दिसतं, तेव्हा विंडोजच्या पासवर्डमुळे डी वरचं सुरक्षित आहे असं समजू नका.

टर्मिनलमधून फाइल बनते, फाइल मॅनेजरमधून बनते, पण एकाच अ‍ॅपमधून सेव्ह होत नाही असं असेल तर पार्टिशन सोडा, ते अ‍ॅप स्नॅप किंवा फ्लॅटपॅक आहे का बघा. या अ‍ॅपना होम फोल्डरच्या बाहेरचे फोल्डर दिसायला वेगळी परवानगी लागते. स्नॅपसाठी

सुडो स्नॅप कनेक्ट अ‍ॅपचंनाव:रिमूव्हेबल-मीडिया

याने /मीडिया, /रन/मीडिया आणि /एमएनटी खालचं दिसायला लागतं, म्हणूनच मी माउंट /एमएनटी मधे करा म्हणतो, भलत्याच ठिकाणी केलं तर स्नॅपला ते देताच येत नाही. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील नावाचं अ‍ॅप घ्या, त्यात /एमएनटी/डेटा हा पाथ टाकायचा, झालं.

फाइलच्या नावांमुळे पण राइट अडतं आणि ते परमिशनसारखंच वाटतं. लिनक्समधे फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, चांदणी सगळं चालतं, विंडोजमधे चालत नाही. "दिवाळी अंक: मुखपृष्ठ" किंवा "कधी येणार?" असं नाव लिनक्समधून डी वर दिलं की विंडोजमधे ती फाइल उघडत नाही आणि डिलीट पण होत नाही. वरच्या ओळीत विंडोज_नेम्स टाकलंय ते यासाठीच, तो ऑप्शन असला की अशी नावं बनूच देत नाही. मग सेव्ह होत नाहीये आणि कारण कळत नाहीये तर आधी नावात कोलन आहे का बघा.

मराठीत लांब नावं देणाऱ्यांसाठी अजून एक. विंडोजमधे डी वर नीट बसलेली फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमधे कॉपी करताना "फाइल नेम टू लाँग" येतं. एनटीएफएसवर नावाची मर्यादा २५५ कॅरॅक्टरची आहे पण एक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) ती २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीतलं प्रत्येक कॅरॅक्टर यूटीएफ-८ मधे तीन बाइट घेतं, म्हणजे फक्त ८५ कॅरॅक्टर. त्यात काना मात्रा वेलांटी हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, "क्षेत्र" हा छोटासा शब्दच सात कॅरॅक्टर म्हणजे २१ बाइट होतो. व्याख्यानांची रेकॉर्डिंग किंवा स्कॅन केलेली पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत, आणि नावात लेखक प्रकाशक वर्ष सगळं घातलेलं असतं, त्यांना हे हमखास भेटतं. परमिशनशी त्याचा काही संबंध नाही, नाव छोटं करा.

आणि काही गोष्टी सामाईक पार्टिशनवर ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट दोन्हीकडून चालणार नाही, त्यात पाथ आणि प्रोग्राम त्या त्या सिस्टिमचे असतात. गिटची रेपो ठेवलीत तर सगळ्या फाइली बदललेल्या दिसू शकतात कारण एक्झिक्यूट बिट जुळत नाही, त्यासाठी त्या रेपोत गिट कॉन्फिग कोअर.फाइलमोड फॉल्स करून ठेवा. पण खरं सांगायचं तर दोन्ही सिस्टिमवर वेगळी क्लोन ठेवणं बरं. स्टीमवर प्रोटॉनने (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) गेम खेळणाऱ्यांनी लायब्ररी एनटीएफएसवर ठेवू नये, प्रोटॉन आतमधे "सी:" अशा कोलनवाल्या नावाच्या लिंक बनवतो आणि तिथे विंडोज_नेम्स असेल तर तो अडतो, नसेल तर विंडोज गोंधळतं.

मग एनटीएफएस सोडून एक्सफॅट का नको, हा प्रश्न येतोच. लिनक्समधे एक्सफॅटचा सॅमसंगने दिलेला ड्रायव्हर २०२० च्या ५.७ कर्नलपासून आहे, चांगला चालतो, आणि पेन ड्राइव्हसाठी मी पण तेच सांगेन. पण त्याला जर्नल नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली तर एनटीएफएस जेवढं सावरतं तेवढं हे सावरत नाही, त्यामुळे घरातल्या फोटोंचा एकमेव संग्रह असलेल्या डी साठी मी एनटीएफएसच ठेवतो. आणि एक्सफॅट केल्याने फास्ट स्टार्टअपचा धोका जातो असं समजू नका, विंडोज अर्धवट झोपलेलं असेल तर त्याच्या डोक्यातला नकाशा एक्सफॅटचा पण जुनाच असतो. फॅट३२ चा विचार सोडून द्या, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

ज्यांच्याकडे विंडोज नाहीच, दोन लिनक्स आहेत आणि सामाईक पार्टिशन एक्सटी४ आहे, त्यांच्यासाठी वरचं मास्कचं काही लागू नाही. एक्सटी४ मधे मालकी खरी साठवलेली असते, आणि ती नावाने नाही, यूआयडीच्या आकड्याने. नवीन फॉरमॅट केलेल्या एक्सटी४ चा मालक रूट असतो, तिथे एकदा सुडो सीएचओन करून तो फोल्डर स्वतःच्या नावावर करावा लागतो, इथे ही कमांड बरोबर आहे. दोन्ही लिनक्समधे तुमचा यूआयडी सारखा आहे ना ते बघा, एकीकडे १००० आणि दुसरीकडे १००१ असेल तर नाव एकच असूनही तुम्ही दोन वेगळी माणसं ठरता. नवीन इन्स्टॉल असेल तिथेच यूआयडी बदलून घेणं सोपं जातं.

शेवटचा प्रकार वेगळा आहे आणि त्यात घाई करायची. माउंट झालं तेव्हा आरडब्ल्यू होतं, काम करता करता अचानक लिहिणं बंद झालं, मशीन मधेच गोठल्यासारखं होतंय. एक्सटी४ असेल तर एरर आल्यावर तो बऱ्याच डिस्ट्रोवर स्वतःहून रीड-ओन्ली होतो, एनटीएफएसवर इनपुट/आउटपुट एरर दिसतात. डीमेसेजमधे "आय/ओ एरर" च्या ओळी असतील तर परमिशन, फास्ट स्टार्टअप सगळं बाजूला ठेवा. सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए मारा (ही डिस्कची तब्येत दाखवते), हार्ड डिस्क असेल तर ५, १९७ आणि १९८ या क्रमांकाच्या ओळींचा शेवटचा रॉ व्हॅल्यूचा रकाना बघा, रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर शून्यापेक्षा जास्त असतील आणि दिवसागणिक वाढत असतील तर डिस्क चाललीये. अशा डिस्कवर चेकडिस्क किंवा एनटीएफएसफिक्स मारत बसू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर जास्तीचं वाचन-लेखन म्हणजे उरलेला डेटा पण घालवणं. रीड-ओन्लीच माउंट करा, सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मग बाकीचे, आणि त्यानंतरच नवीन डिस्क आणायला जा.